पास झालेल्या गाडीला दगड कशाला

२५ फेब्रुवारी २००७, रविवार

आज वडप्याला माझ्या गाडीखाली शालिनीवहिनींचा पाय गेला. नडगी मोडली. माझ्या ड्रायव्हरने, हिराजीने, सगळ्यांसमोर सांगितलं, "माजी चूक हाय." चूक त्याची नव्हती, माझी होती. मी तिथेच उभी होते आणि गप्प बसले. म्हणून लिहायला घेतलं. तोंडाने झालं नाही ते निदान हाताने व्हावं.

काय घडलं ते क्रमाने. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांच्या मुलाच्या, अविनाशच्या, नव्या गोदामाची पूजा होती. गोदामाचा ओटा ट्रकच्या उंचीचा, त्यामुळे दारापर्यंत चांगलाच चढ. वहिनींचे गुडघे दुखतात म्हणून मीच म्हटलं, गाडी वर घे. हिराजीने घेतली. इंजिन चालू ठेवलं, हँडब्रेक ओढला आणि वहिनींचं दार उघडायला उतरला. त्यांनी एक पाय खाली ठेवला आणि गाडी मागे सरकली. दाराने त्यांना ढकललं. पुढचं चाक पायावरून गेलं.

त्यांचा आवाज अजून कानात आहे.

अवि ओरडला, "हँडब्रेक लावता येत नाही तुला?" हिराजी म्हणाला, "शेट, चाकाला दगर लावाचा इसरलो." मग माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला. एवढंच केलं.

पाडव्यापासून हिराजी अविच्या ट्रकवर कायमचा लागणार होता. अवि तिथेच म्हणाला, "तुला मी ट्रक देऊ? जा घरी."

२६ फेब्रु., सोम.

वहिनींच्या पायात सळई घालणार, उद्या सकाळी. घरातलं म्हणून पोलिसांत गेलं नाही. अविनेच सगळं निस्तरलं.

कपाटातून चिठ्ठी काढली. पहिल्या तपासणीची, ५ तारखेची. गाडी ह्यांनी ब्याण्णव साली घेतलेली. पंधरा वर्षं झाली की पुन्हा नोंदणी, आणि नोंदणीसाठी गाडी तपासून घ्यायची. इथे सगळे त्याला पासिंग म्हणतात. १५ फेब्रुवारीला मुदत संपत होती. हे असते तर डिसेंबरातच करून मोकळे झाले असते. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून गाडीची कागदपत्रं मीच बघते आणि मला वाटत होतं, चोख बघते.

चिठ्ठीवर सात शेरे. हँडब्रेक उतारावर धरत नाही. पायाचा ब्रेक डावीकडे ओढतो. मागचे दोन्ही टायर गुळगुळीत. उजव्या दिव्याचा झोत वर. स्टेअरिंगला खेळ, म्हणजे सैल. गॅसच्या टाकीच्या चाचणीची तारीख उलटलेली. पेट्रोलवर धूर जास्त (गॅसवर ठीक). खाली एका शब्दात निकाल. नापास.

छत्तीस वर्षं शाळेत लाल शाईने शेरे मारले. माझ्या नावावर शेरे येण्याची ही पहिलीच वेळ. घरी येताना हिराजीला म्हटलं होतं, कुणाला बोलू नकोस. तो म्हणाला, "गारी नापास झाली बाय, तुमी न्हाय." मी त्याला गप्प केलं.

२७ फेब्रु., मंगळ.

ऑपरेशन झालं. तीन महिने तरी पाय टेकायचा नाही.

हिराजी इस्पितळाच्या पायरीवर सकाळपासून बसलेला. हातात शहाळं. वर कुणी येऊ देत नाही. मला म्हणाला, "वैनीना द्या." नेलं. कुणी दिलं ते सांगितलं नाही. वहिनी गुंगीतसुद्धा म्हणत होत्या, "त्या मेल्याला माझ्यासमोर आणू नका." तोंडाला त्याच्याच शहाळ्याचं पाणी. मी पेला धरून उभी.

खाली आले तर तो विचारतो, "प्याल्या का?" म्हटलं, हो. "मग बरां हाय," म्हणाला आणि रिक्षाची वाट न बघता चालत निघाला. पूर्णेपर्यंत, त्याच्या गावापर्यंत.

२८ फेब्रु., बुध.

गाडी इस्माईलभाईंच्या गॅरेजमध्ये लावून ठेवली आहे. ह्यांच्या वेळेपासूनचे मेकॅनिक. लुंगी, चष्म्याला दोरा, आणि बोलण्याची भारी हौस. आमची गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि गॅसवर चालते, म्हणजे निदान तसं अपेक्षित आहे. पेट्रोलचा पंप थकलेला, गरम इंजिन बंद केलं की पुन्हा चालू व्हायला दहा मिनिटं. म्हणून हिराजी थांबतानासुद्धा इंजिन चालू ठेवतो. अविने कुठेतरी वाचलं होतं, परदेशात पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड गाड्या निघाल्यात. तेव्हापासून हिलाही हायब्रिड म्हणतो, "काकूंची हायब्रिड आली." मी त्याला समजावलं होतं की हायब्रिड वेगळी, ही नुसती दोन इंधनांची. तो हसत होता. इस्माईलभाईंचं म्हणणं अधिक खरं: "मॅडम, ये तो दोन घरचा पाहुणा है. उपाशीच राहणार."

त्यांनी आज मान खाली घातली होती. "मैंने बोला था ना मॅडम."

बोलले होते. ६ तारखेला. मागच्या उजव्या चाकात ब्रेकचं तेल गळतं, ते चाकाच्या ड्रममध्ये उतरतं, ब्रेकचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, तेलात भिजलेत. हँडब्रेकही त्याच शूंवर. मग धरणार कसा? जुन्या मॉडेलचा पार्ट मुंबईहून मागवायचा, पंधरा दिवस. मी म्हटलं, पंधरा दिवस नाहीत, १२ ला पुन्हा तारीख घेतलीय. ते म्हणाले, मुदत टळली तर थोडा दंड भरायचा, आसमान नाही कोसळत. दंडाचं मला काही नव्हतं. पण मुदत टळणं हे मला... शाळेत माझी घंटा एक मिनिट इकडेतिकडे झाली नाही कधी.

तेव्हा ते म्हणाले, "फिर एक दिन का पासिंग कर देते हैं."

मला अर्थ कळला नाही असं इथे लिहिलं तर ते खोटं होईल. कळला होता.

२८ ला लिहायचं राहिलं ते, १ मार्च, गुरु.

एक दिवसाचं पासिंग असं. गॅरेजात दोन टायर आहेत, खुंटीला टांगलेले, काळे कुळकुळीत. पासिंगचे टायर. पासिंगच्या दिवशी चढवायचे, तपासणीच्या मैदानापर्यंत जायचं, परत येऊन उतरवायचे. पुढची गाडी. इस्माईलभाई अभिमानाने म्हणाले होते, "इन दो टायरोंने आधी भिवंडी पास की है." गॅसची टाकी त्यांच्या मेव्हण्याच्या टॅक्सीची, ताज्या तारखेची. दिवा, धूर आणि स्टेअरिंग मात्र खरंच दुरुस्त केलं. आणि हँडब्रेक: शू पॉलिश पेपरने घासले, तेल पुसलं, केबल ताणता येईल तितकी ताणली. दिवसभर धरेल, पायाचा ब्रेकही तेवढ्यापुरता सरळ. दुसऱ्या दिवशी सैल करावीच लागेल, नाहीतर चाक तापून शू जळतील.

१२ तारखेला मैदानात तपासायला सुहास. माझा विद्यार्थी. वाकून नमस्कार केला. सहकाऱ्याला सांगू लागला, "कंपासपेटीतली चिठ्ठी धरून ह्या बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, आठवीत. ह्यांच्याकडे लबाडी चालत नाही." मी हसले.

ओळखीचा म्हणून त्याने सोडलं असतं तर मला आज एक पळवाट होती. त्याने सोडलं नाही. वाकून टाकीवरची तारीख वाचली, टायरवर नख मारून बघितलं, गाडी उतारावर उभी करून हँडब्रेक ओढला आणि पाय काढला. गाडी हलली नाही. "शाब्बास बाई, फर्स्ट क्लास," म्हणाला. त्याने त्याचं काम प्रामाणिकपणे केलं. कॉपी मी केली.

पास झाले तेव्हा आनंद झाला. तोही लिहून ठेवते. पेढे वाटले.

२ मार्च, शुक्र.

मुख्य गोष्ट पाच दिवस टाळते आहे. आज लिहायचीच.

दगड. हिराजीच्या सीटखाली एक काळा दगड असायचा, पाचरीसारखा, त्याने पूर्णेच्या खाडीकाठून आणलेला. कुठेही चढउतार असला की आधी दगड चाकाला, मग माणसं खाली. मला तो आवडायचा नाही. चिखल सांडायचा, वळणावर घरंगळायचा. १३ तारखेला, पासिंगच्या दुसऱ्या दिवशी, गाडी धुऊन घेतली तेव्हा मी म्हटलं, हा धोंडा फेक आता. तो म्हणाला, "बाय, भाईनी केबल ढिली केली हाय." म्हणजे त्याने सांगितलं होतं. मी म्हटलं, "पास झालेल्या गाडीला दगड कशाला?"

हे माझे शब्द. जसेच्या तसे.

केबल ताणताना मी हजर होते. टायर उतरवताना हजर होते. कागद कसा मिळवला ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याच कागदावर माझाच विश्वास बसला. बारा तारखेपासून मला खरंच वाटू लागलं होतं की गाडी चांगली झाली. परीक्षेत कॉपी करणारी मुलं असंच म्हणायची, बाई, मला येत होतं. मला ते कळायचं नाही. आता कळतं.

त्याने दगड बागेत, जास्वंदीच्या बुंध्याशी टाकला.

आणि रविवारी, वडप्याच्या चढावर, त्याचा हात सवयीने सीटखाली गेला. रिकामा बाहेर आला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अरे, हँडब्रेक ओढ ना. वहिनी खोळंबल्यात."

हे त्याने ऐकलं आणि मी. वहिनी मागे गजरा सारखा करत होत्या.

४ मार्च, रवि. धुळवड

पूर्णेला गेले. रिक्षावाला रंगाच्या भीतीने येईना, शेवटी एक आला. हिराजीच्या घराच्या तिन्ही बाजूंना गोदामांच्या पत्र्याच्या भिंती. दारातून पूर्वी भातशेती दिसायची, आता नंबर टाकलेली गोदामांची दारं दिसतात. आत त्याची बायको बायजा भाकऱ्या थापत होती. बसा म्हणाली नाही.

हिराजीला म्हटलं, मी अविला खरं सांगणार आहे.

"कशाला बाय? जालां ते जालां."

"तुझी नोकरी गेली."

"दुसरी गावल. तुमचा नाव गेला त कुठं गावल?"

मग मनीषाचं काढलं. त्याची मुलगी. नववी-दहावीची दोन वर्षं मी घरी बसवून गणित करून घेतलं, आता नर्स आहे कल्याणला. "तुमी तिला शिकवलं तवा काय घेतलंव? काय न्हाय." म्हणजे हा हिशेब त्याच्या मनात आहे. मी शिकवताना तो कधी मांडला नव्हता. आता मात्र त्याचाच फायदा घेत बसले आहे.

म्हणाला, "आन माजं बी चुकलं. केबल ढिली हाय ते मला ठावं होता. तुमचा ऐकला, ती माजी चूक."

बायजा तव्याकडे बघतच बोलली. "शालंत पोराना उबी करून खरां बोलाला लावाच्या ना तुमी? आमची मनी सांगं." तो ओरडला, "गप बस." ती गप्प नाही बसली. "गावान ह्याला कोन गारीवर घेईना आता. लोक हसतान, बाईमानसाच्या पायावर गारी घातलान म्हन्तान."

भाकरी बांधून दिली मात्र. नाही म्हणता आलं नाही. घरी आणून खाल्ली.

६ मार्च, मंगळ.

अविला फोन केला. तीन वाक्यं आधी कागदावर लिहून ठेवली होती. त्याने उचलला, "बोला काकू." मी म्हटलं, वहिनींना वॉकर कुठला घ्यायचा ठरला? पाच मिनिटं वॉकरवर बोलले.

ठेवताना तो म्हणाला, "काकू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ड्रायव्हरच्या चुकीला मालक काय करणार?"

मी म्हटलं, "हं."

हे "हं" कसं विसरायचं.

९ मार्च, शुक्र.

मुंबईहून पार्ट आला. इस्माईलभाईंनी उजवा ड्रम माझ्यासमोर उघडला. मीच म्हटलं होतं, माझ्यासमोर उघडा. आत काळी चिकट राळ. शू काढून हातात दिले. साबणासारखे गुळगुळीत. बोट फिरवलं तर बोटाला तेल.

घर्षण. नववीला दरवर्षी शिकवलं. खडबडीत पृष्ठभाग, गुळगुळीत पृष्ठभाग, मध्ये वंगण. फळ्यावर उताराची आकृती काढून बाण दाखवायचे, वजनाचा एक घटक उताराच्या दिशेने. मुलं विचारायची, बाई, ह्याचा उपयोग काय?

जुने शू मागून घेतले. वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणले. इस्माईलभाई म्हणाले, "इसका क्या करेंगी? भंगार है." म्हटलं, पुरावा आहे. त्यांचा चेहरा पडला. "मॅडम, मेरा नाम..." म्हटलं, तुमचं नाव घालणार नाही. तुम्ही सांगितलं होतं. नको म्हटलं ते मी. ते खुंटीवरच्या टायरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सब करते हैं, मॅडम." म्हटलं, हेच वाक्य मी छत्तीस वर्षं मुलांकडून ऐकत आले. त्यांनी चहा मागवला. मी प्याले नाही, मग वाटलं, ह्यात त्यांना शिक्षा कसली? प्याले.

१२ मार्च, सोम.

दळणवाल्याकडून कळलं. हिराजी राहनाळच्या एका गोदामात माल उतरवायला जातो. रोजावर. वय पंचावन्न. माझ्या माहितीत त्याने कधी पाठीवर ओझं वाहिलं नाही. गाडी चालवायचा, आणि पॅन्टला इस्त्री असायची त्याच्या.

गेले बघायला. का गेले ते सांगता येत नाही. फाटकाबाहेरून दिसला. डोक्यावर टॉवेलची चुंबळ, त्यावर खोकं. मला त्याने पाहिलं नाही. किंवा पाहिलं आणि दाखवलं नाही. तो तसाच आहे.

परत फिरले. पुन्हा न बोलता.

स्वतःलाच विचारते, सरोज, तुला वर्गात उभं केलं असतं तर काय शिक्षा दिली असतीस?

१४ मार्च, बुध.

पत्र लिहिलं. अविच्या नावे. आधी चार पानं झाली. वाचून पाहिलं तर निम्मं पत्र माझ्या बाजूचं: मुदत होती, पार्ट नव्हता, सगळेच करतात. फाडलं. दुसरं एका पानात बसलं. गाडी ५ फेब्रुवारीला नापास. दोष माहीत होते. १२ ला उसन्या टायरांवर, उसन्या टाकीवर आणि ताणलेल्या केबलवर पास करून घेतली. १३ ला केबल सैल केली. त्याच दिवशी चाकाचा दगड माझ्या सांगण्यावरून काढला. २५ ला चढावर फक्त हँडब्रेकवर गाडी उभी करायला मी सांगितलं. हिराजीने धोक्याची सूचना आधी दिली होती. तो चूक कबूल करत असताना मी ऐकत उभी होते. सही, पूर्ण नाव, बी.एस्सी., निवृत्त मुख्याध्यापिका.

'निवृत्त मुख्याध्यापिका' खोडलं. मग पुन्हा लिहिलं. तेही कळू दे.

तीन प्रती केल्या. कार्बन अजून होता घरात.

१६ मार्च, शुक्र.

आधी वहिनी. पाय त्यांचा, पहिला हक्क त्यांचा.

पत्र वाचून दाखवलं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर उरलेलं झालं नसतं. त्या छताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तीन आठवडे मी त्याला शिव्या घालतेय, सरोज. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर. त्या आता कुणाला परत देऊ?"

मी म्हटलं, मला द्या.

"तुला देऊन भागेल होय?" मग माझ्याकडे वळून, "ते शहाळं त्यानेच आणलं होतं ना? ऑपरेशनच्या दिवशीचं?"

हो म्हटलं.

"तेही नाही सांगितलंस."

उठले. दाराशी पोचले तर म्हणाल्या, "अविला तूच सांग. माझ्या तोंडून नको. आणि काही दिवस येऊ नकोस. येऊ नकोस असं नाही... पण काही दिवस."

चाळीस वर्षांत त्यांनी मला येऊ नको म्हटलं नव्हतं. भांडण झालं तरी संध्याकाळी वाटीतून काहीतरी यायचं.

१७ मार्च, शनि.

दोन कामं उरकली.

वडपे. गोदामात माल आलाय, अविची केबिन थंडगार. पत्र त्याने दोनदा वाचलं. उठून दार लावून घेतलं. "काकू, हे कागदावर कशाला? घरातलं घरात. आईला मी समजावतो."

"आईला सांगून झालं."

"मग झालं ना! हिराजीचं बघू आपण. थोडं थंड होऊ दे. आता एकदम बोलावलं तर बाकीचे ड्रायव्हर म्हणतील, शेटने शब्द फिरवला."

म्हटलं, शब्द फिरवायला मीच सांगतेय, म्हणून तर कागद. चार ड्रायव्हरांसमोर त्याला हाकललंस, चार ड्रायव्हरांसमोर वाच.

"तुमचं नाव खराब होईल, काकू. शाळेत, गावात."

"व्हायला हवं तेवढंच होईल."

प्रतीवर 'मिळाले' लिहून सही दे म्हटलं. हसला. मी हसले नाही. सही दिली. पत्र खणात ठेवलं. वाचणार की नाही, बोलला नाही.

तिथून सुहासकडे. प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं आणि सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "बाई, प्रमाणपत्र परत घ्यायचा रकाना नाही आमच्याकडे. अर्ज द्या, नव्याने तपासणी लावतो." तिथेच अर्ज लिहिला. लिहून होईपर्यंत तो कागदांकडेच बघत होता. शेवटी इतकंच म्हणाला, "मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं, आज बाईंची गाडी पास केली."

मी उभी होते. त्याने बसा म्हटलं नाही. बरोबर केलं.

१८ मार्च, रवि.

उद्या पाडवा. गुढीची काठी काढली, पुसली.

सकाळी बागेतून दगड शोधला. जास्वंदीचा पाला पडून अर्धा झाकला होता, खाली मुंग्या. धुतला. पूर्णेला नेला, पत्राची तिसरी प्रत घेऊन. बायजाने वाचायला सांगितलं. मी वाचलं, तिच्या शेजारणी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी आवाज खाली घेतला नाही. वर्गातला आवाज काढला. संपल्यावर बायजाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

हिराजी म्हणाला, "शेट बोलावल का उद्या?" म्हटलं, माहीत नाही. खोटी आशा दाखवायची नव्हती. "न्हाय बोलावला त?" म्हटलं, मग मी पुन्हा जाईन. तो हसला. "तुमी जाल. ता मला ठावं हाय."

त्याने दगड दोन्ही हातांत फिरवून बघितला, आपलाच आहे का असा.

निवृत्त होताना शाळेचा चार्ज यादी करून दिला होता, खडूच्या खोक्यांपासून प्रयोगशाळेच्या किल्ल्यांपर्यंत. तशीच ही.

सुपूर्द केल्याची नोंद:

अविनाशकडे, दि. १७: पत्राची मूळ प्रत. पहिल्या तपासणीची नापास चिठ्ठी, मूळ. ब्रेकचे जुने शू, एक जोडी, कागदात गुंडाळलेले (नको म्हणत होता, टेबलावर ठेवून आले). सही मिळाली.

तपासणी कार्यालयात, दि. १७: प्रमाणपत्र. अर्ज एक. आवक क्रमांक मिळाला. पुढची तारीख कळवतील.

इस्माईलभाईंकडे, दि. १८, येताना: गाडीची किल्ली. तपासणी होईपर्यंत गाडी तिथेच. पासिंगचे टायर लावायचे नाहीत, हे तोंडी सांगितलं. "ठीक है" म्हणाले. टायर मात्र अजून खुंटीलाच.

वहिनींकडे: काही नाही. काय द्यायचं ते कळलेलं नाही.

हिराजीकडे, दि. १८: पत्राची प्रत एक, मनीषाकडून पुन्हा वाचून घेईन म्हणाला. दगड एक, काळा, पाचरीसारखा. हातात घेतला. सही मागितली नाही.